राजा अण्णा नगरात, राणी तांबरमला

मी आठवीला इंग्रजी शिकवते. 'इक्वलाइज' या क्रियापदाचा अर्थ सांगणं सोपं आहे: दोन किंवा अधिक गोष्टी सारख्या करणे. वाक्यात उपयोग करा म्हटलं की वर्गातले मुलगे हटकून फुटबॉलकडे धावतात. शेवटच्या मिनिटाला कुणीतरी गोल मारतं आणि हरत आलेला संघ इक्वलाइज करतो. मागच्या वर्षी एका मुलीने मात्र लिहिलं होतं की माझी आई रोज डोसे इक्वलाइज करते. दुसऱ्या एखाद्या बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली असती. मी पूर्ण गुण दिले, कारण या क्रियापदाचा असाच उपयोग मी लग्न झाल्यापासून, म्हणजे दहा वर्षं, घरात ऐकत आले आहे.

तो करणारे म्हणजे माझे सासरे कृष्णकांत. आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो. रेल्वेच्या डब्यांत दिवे लावणाऱ्या ज्या बॅटऱ्या असतात, त्या सांभाळणाऱ्या विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होताना माणसं घड्याळ आणि शाल घेऊन घरी येतात, अप्पा हा शब्द घेऊन आले. पानातला अप्पळम, म्हणजे उडदाचा पापड, एकाचा मोठा आणि एकाचा लहान दिसला की इक्वलाइज. आंब्याच्या फोडी इक्वलाइज. पंखा आधी कौशिककडे फिरतो की अमोघकडे, यावरही इक्वलाइज. कौशिक म्हणजे माझा नवरा आणि अमोघ धाकटा दीर. कौशिकला लहानपणी चष्मा लागला, तेव्हा अप्पांनी अमोघचेही डोळे तपासून आणले होते. ते चांगले निघाल्यावर अप्पा जरा खट्टू झाले, असं माझ्या सासूबाई सांगतात.

सासूबाईंचं नाव सुनंदा, पण त्या सगळ्यांच्या अम्मा. हे घर तंजावरी मराठ्यांचं. त्यांची मराठी इतकी जुनी आणि मधूनच इतकी तमिळ, की लग्नानंतर पहिले सहा महिने मी नुसतीच मान डोलवत होते. मी ऊर्मी, साताऱ्याची. कौशिक बँकेच्या बदलीवर साताऱ्याला आला होता, तेव्हा आमचं जमलं. त्याची बदली परत चेन्नईला झाली आणि मी अण्णा नगरात येऊन पडले. आता मीही भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडते आणि जिंकते.

या घरात नवरात्राला गोलू मांडतात. पायऱ्या लावायच्या, त्यावर पांढरं कापड घालायचं आणि बाहुल्या मांडायच्या. पायऱ्या नेहमी विषम. आमच्या सात. बाहुल्यांचा बहुतेक पसारा अप्पांच्या आईचा, सकवारबाईंचा: दशावतार, लग्नाची वरात, धान्य विकणारा पोटसुटा चेट्टियार आणि त्याची बायको. पण सगळ्यात वर मान असतो तो तांबड्या लाकडाच्या एका जोडीला, राजाराणीला. तिला मरप्पाची म्हणतात. ही जोडी लग्नात मुलीला तिची आई देते आणि तिच्यापासून त्या मुलीचा गोलू सुरू होतो. अम्मांची जोडी त्यांच्या आईने तंजावरहून दिलेली. तिचे कोपरे हात लागून लागून गुळगुळीत झालेत. राणीच्या नाकाचा तर आता फक्त अंदाज करायचा.

दरवर्षी या जोडीला नवे कपडे लागतात आणि गेली दहा वर्षं ते मी शिवते. मला बाहुल्यांचं फारसं वेड नाही. पण ही जोडी मला हवी होती. अम्मांनंतर ती मोठी सून म्हणून माझ्याकडेच येणार, असं मी मनात पक्कं धरून ठेवलं होतं. माझ्या आईने मला लग्नात मिक्सर दिला, पितळी समया दिल्या. मरप्पाची दिली नाही, कारण असं काही असतं हे साताऱ्यात कुणाला ठाऊक असणार? पहिल्या नवरात्रात हळदीकुंकवाला आलेल्या एका मामीने मला विचारलं होतं, तुझी मरप्पाची कुठली? मी हसून वेळ मारून नेली. पण ते लागलं होतं, आणि अजून लागतं.

यंदा वैशाखात अमोघचं लग्न झालं. शर्मिष्ठा नाशिकची, त्याच्याच मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर. दोघांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांबरमला फ्लॅट घेतला. गणपतीला ती आमच्याकडे आली होती, तेव्हा मोदक खाता खाता सहज म्हणाली की आमच्या घरीही गोलू मांडता आला तर किती छान होईल. तिचं काही चुकलं नाही. नव्या सुनेने असं बोलावंच. पण मी अप्पांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या हातातला मोदक हातातच राहिला. दोन मुलगे, दोन घरं आणि गोलू एकच. बॅटरीत बिघाड दिसावा तसे ते अस्वस्थ झाले होते.

पुढच्या आठवड्यात अम्मा दोन दिवस त्यांच्या भावाकडे, व्यासराजमामांकडे गेल्या. मी शाळेत होते. तेवढ्या वेळात अप्पांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि सगळा गोलू इक्वलाइज केला.

हे त्यांनी ज्या काटेकोरपणे केलं, त्याचं मला आजही कौतुक वाटतं आणि रागही येतो. दशावतार दहा, म्हणून पाच इकडे, पाच तिकडे. मत्स्य ते वामन अण्णा नगरात राहिले, परशुरामापासून कल्कीपर्यंतचे तांबरमला गेले. वरातीतला नवरा इकडे, बँडवाले तिकडे. चेट्टियार दुकानासकट इथे आणि त्याची बायको धान्याच्या टोपल्या घेऊन तिथे. पायऱ्या सात, तेव्हा तीन आणि तीन, आणि उरलेली एक कुणाचीच नको म्हणून बाल्कनीत कुंड्यांखाली. आणि मरप्पाची जोडीतला राजा थोरल्याला, राणी धाकट्याला. अमोघ ऑफिसमधून परस्पर गाडी घेऊन आला, खोकी भरली आणि गेला. शाळेतून आले तेव्हा राजा एकटाच टेबलावर उभा होता.

अप्पांना मी विचारलं की हे अम्मांना विचारून केलंत का. ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, दोघेही मुलगे तिचेच ना. मी कौशिककडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता.

दुसऱ्या दिवशी अम्मा परत आल्या. आंघोळ, पूजा, कॉफी झाली आणि मग त्यांनी राजाला हातात घेतलं. दुसरा हात त्यांनी नुसताच पुढे केला, राणीसाठी. तो हात रिकामाच राहिला.

"ही कुठें गेली?" त्यांनी विचारलं.

"तांबरमला. इक्वलाइज केलं," अप्पा म्हणाले. चांगलं काम केलेल्या माणसाच्या आवाजात.

अम्मा ओरडल्या नाहीत. त्यांनी राजाला जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, ट्रंकेत ठेवलं आणि ट्रंकेचं झाकण लावलं. यंदा या घरात गोलू होणार नाही, एवढं बोलून त्या आत गेल्या. लग्नापासून त्यांचं एकही नवरात्र चुकलं नव्हतं. बाळंतपणातही त्यांनी खाटेवरून सांगून शेजारणीकडून बाहुल्या मांडून घेतल्या होत्या.

अप्पांना समजावण्यात दोन दिवस गेले आणि काही उपयोग झाला नाही. राणी परत आणली तर अमोघकडे एक कमी होते, राजा तिकडे पाठवला तर कौशिककडे एक कमी होतो, या पलीकडे ते जाईनात. अमोघला फोन केला, तर तो म्हणाला, वहिनी, शर्मिष्ठा फार खूश आहे, आता काही काढू नका. मी फोन ठेवला आणि वर्गात नाहक तिघांना उभं केलं.

मग अम्मांनी सुरुवात केली. अमोघ ऑफिसच्या कामाने अण्णा नगरात आला होता. जाताना त्याच्या हातात अम्मांनी मुरुक्कूचा, म्हणजे तिकडच्या चकल्यांचा, डबा आणि एक पिशवी दिली. संध्याकाळी अप्पा फिरायला निघाले, तर दारात त्यांची डावी चप्पल तेवढी होती. उजवी शोधत ते पलंगाखाली गेले, गॅलरीत गेले, शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर संशय घेऊन आले. शेवटी त्यांनी अम्मांना विचारलं.

"तांबरमला," अम्मा म्हणाल्या. "एक इकडे, एक तिकडे. दोघेही मुलगे तुमचेच ना?"

सकाळी कॉफी आली ती नुसत्या डबऱ्यात. डबरा म्हणजे वाटीसारखं पसरट भांडं. त्यात ठेवायचा पेला तांबरमला गेला होता. अप्पा पेल्यातून डबऱ्यात आणि डबऱ्यातून पेल्यात कॉफी ओतून, फेस काढून पितात, आणि याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्या दिवशी ते डबरा दोन हातांत धरून बसले आणि कॉफी गार होऊन गेली. मला हसू आवरेना म्हणून मी आत जाऊन कुकरची शिट्टी उगाच काढून परत लावली.

शनिवारी अप्पा म्हणाले की तांबरमला जाऊन चप्पल आणतो. मी म्हटलं मीही येते. त्यांना चप्पल हवी होती, मला राणी. त्यांनी कौशिकची रबरी स्लिपर घातली. ती त्यांना मोठी होती आणि दर पावलाला फटफट वाजत होती. आम्ही मेट्रोने एग्मोरला गेलो आणि तिथून तांबरमची लोकल धरली. दुपारची वेळ, बसायला जागा होती. रेल्वेत बसलं की अप्पा खुलतात. डबा कुठल्या कारखान्याचा, दिवे कसे, सगळं सांगत सुटतात. मी त्यांना म्हटलं, अप्पा, मुलांना हे क्रियापद शिकवायचं आहे. तुमच्या नोकरीत इक्वलाइज म्हणजे नेमकं काय करत होता?

ते मांडी घालूनच बसले. म्हणाले, एका संचात पुष्कळ सेल असतात. असके, म्हणजे सगळे, एकाच दिवशी लावले, तरी वापरून वापरून कांहीं मागें पडतात. कांहीं भरलेले, कांहीं अर्धवट. मग असक्या संचास हळूहळू चार्ज देत राहायचं. घाई करायची नाहीं. भरलेले असतात ते थोडे बुडबुडे काढतात, काढूं द्यायचे. मागचे वर येईपर्यंत देत राहायचं. त्यासच इक्वलाइज म्हणायचं.

मी विचारलं, म्हणजे भरलेल्यातून काढून रिकाम्यात घालायचं नाही?

त्यांनी माझ्याकडे ढ विद्यार्थ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "काढायचं कसं ग? काढलं तर तोही बाद होतो."

एवढं बोलून ते थांबले. गिंडी गेलं, पल्लावरम गेलं. तांबरम येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते आणि एकाही सिग्नलबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही.

शर्मिष्ठाने दार उघडलं ती हसतच. बाहुल्या अमावास्येला मांडतात हे तिला ठाऊक नव्हतं. खोकी आली त्याच दिवशी तिने तीनही पायऱ्या लावून टाकल्या होत्या. परशुरामापासून पाच अवतार ओळीने उभे होते, मागे बँडवाले. सगळ्यात वर राणी एकटीच. तिला तिने नऊवारी नेसवली होती, स्वतःच्या लग्नातल्या पैठणीच्या उरलेल्या ब्लाउजपीसची. पदर काढला होता. मण्यांची इवलीशी नथ केली होती आणि जिथे नाकाचा फक्त अंदाज उरला होता, तिथे ती बरोबर बसवली होती. दहा वर्षं मी त्या राणीला कपडे शिवले, पण नथ मला कधी सुचली नव्हती. मला तिचा हेवा वाटला, साधासुधा नाही, चांगलाच.

ती सांगत होती की अप्पांनी मला राणी दिली हे मी आईला फोनवर सांगितलं, तर आई रडायलाच लागली. म्हणाली, तुला त्या घराने आपलं मानलं. मी घरून वाक्य तयार करून आणलं होतं, गोड आणि ठाम. ते मी तसंच परत नेलं.

"ताई, ही एकटीच असते ना, देवीसारखी?" तिने मला विचारलं.

उत्तर अप्पांनी दिलं. उजवी चप्पल हातात धरून ते पायऱ्यांसमोर उभे होते. ही जोडी आहे, म्हणाले. हिचा राजा अण्णा नगरात ट्रंकेत आहे. ही अम्मास तिच्या आईनें लग्नांत दिली. ही माझी नव्हतीच, मी वाटायला नको होती.

शर्मिष्ठाचा चेहरा उतरला. ती लगेच राणीला खाली घ्यायला गेली. त्या घाईत नथ टेबलावर पडली. अप्पांनी तिला थांबवलं. खिशातून फोन काढला आणि आमच्या दोघींच्या देखत अम्मांना लावला. त्यांना वाट बघायची सवय नाही, पण उचलेपर्यंत ते शांत उभे राहिले.

"सुनंदा," ते म्हणाले, "चूक जाली. तुज विचारायला हवं होतं."

पलीकडून अम्मांचा आवाज आला, फोनच्या बाहेरपर्यंत. राणीला आणा आणि चप्पल घालून या, उद्या मैलापूरला जायचं आहे.

नवरात्र जवळ आलं की मैलापूरच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर बाहुल्यांचा बाजार भरतो. रविवारी दोघेही सकाळीच गेले आणि दुपारी घामाघूम होऊन परतले. अम्मांच्या पिशवीत काहीतरी होतं, पण ते त्यांनी दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवसापासून अप्पांची कॉफी पुन्हा पेला-डबऱ्यात आली. अमोघकडून दशावताराचे पाच अवतार परत आले आणि त्यांच्या बदल्यात वरात नवऱ्या मुलासकट तांबरमला गेली. चेट्टियारालाही बायको मिळाली. अमावास्येला आम्ही पायऱ्या लावल्या, तीनच, कारण कुंड्यांखालची धरली तर चार, म्हणजे सम होत होत्या. वर राजा आणि शेजारी राणी, पैठणीतली, नथीसकट. अम्मांनी नथ काढली नाही. मला वाटलं होतं काढतील.

आणि माझं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. जोडी एक झाली, आता ती पुढे कुणाकडे जाणार? नव्या सुनेचं मन मोडलं, म्हणून अम्मा तिला तर देणार नाहीत ना? मैलापूरच्या पिशवीत माझी समजूत घालायला एखादी पितळी वाटी असेल, असंही मी मनात ठरवून टाकलं. इतकी वर्षं कपडे मी शिवले. हे मी कुणाला बोलले नाही, पण दोन दिवस पोळ्या करपत होत्या.

नवरात्राच्या पहिल्या संध्याकाळी अमोघ आणि शर्मिष्ठा आले. अम्मांनी दोन पाट मांडले, आम्हाला दोघींना शेजारी शेजारी बसवलं. मग त्या पायऱ्यांपाशी गेल्या आणि राजाराणीला हात लावला.

"ही माझी आहे," अम्मा म्हणाल्या. "मज माझ्या आईनें दिली. तुम्हीं असके मिळून ही कोणास जाईल तें ठरवीत बसलां होतां. मी अजून आहें ना?"

हे बोलताना त्यांनी अप्पांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घातली. त्यांना ठाऊक होतं, कधीपासून कोण जाणे, पण ठाऊक होतं.

मग त्यांनी आतून पिशवी आणली. त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन जोड्या होत्या. नव्या कोऱ्या, तांबड्या लाकडाच्या, अंगावर कपडा नाही, नाकं अगदी ठसठशीत. शर्मिष्ठाने तोंडावर हात ठेवला. अम्मा म्हणाल्या की ही जोडी आई देते, तुमच्या आयांना ठाऊक नव्हतं, त्यांचा काय दोष. या घरात दोघी आल्या आणि दोघींनाही मीच द्यायला हवी होती.

मला वाटलं संपलं. पण त्या माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखतात म्हणून एरवी त्या खाली बसत नाहीत.

"तुज दहा वर्षांपूर्वीं द्यायची," त्या हळू म्हणाल्या. "तूं माझ्या बाहुल्यांस इतकं सुंदर नेसवीत होतीस, मज वाटलं तुज आपली नसली तरी चालतंय. मी विचारलंच नाहीं."

मी रडले. शाळेत मुलं मला खडूस म्हणतात, त्यांनी पाहिलं असतं तर विश्वास ठेवला नसता. शर्मिष्ठाने माझा हात धरला होता आणि तीही रडत होती, तिचं काही कारण नसताना.

तेवढ्यात अप्पांच्या लक्षात आलं. त्यांनी दोन्ही जोड्या उचलून शेजारी शेजारी धरल्या. दुकानात घाईत घेतलेल्या, की मुद्दाम तशाच निवडलेल्या, मला माहीत नाही, पण एक जोडी दुसरीपेक्षा चांगली बोटभर उंच होती. अप्पांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. बोलायला तोंड उघडलं.

"उंच ती ऊर्मीची," अम्मा म्हणाल्या. "हिला उशिरा दिली."

अप्पांनी तोंड मिटलं. दोन्ही जोड्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग नारळ आणि तांदळासोबत उंच जोडी त्यांनी अम्मांच्या हातात ठेवली आणि अम्मांनी ती माझ्या ओटीत घातली.